वहिनीच्या ट्रंकेतील पिशव्या

कलकत्ता,
ता. २४ डिसेंबर १९६१

चि. कोंडीराम यास थोरल्या बंधूचे आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. जेवणही वेळेवर होते.

तू पाठविलेला खंडोबाचा भंडारा काल मिळाला. सोबत लिहितोस, "दादा, वैनीच्या ट्रंकेत कागदी पिशव्या लई निघाल्या, कोऱ्या करकरीत. यात्रेत समद्यांना भंडारा त्यातच घालून दिला." कोंडीराम, त्या पिशव्या विमानात मळमळणाऱ्या उतारूंना ओकण्यासाठी देतात! देवाचा प्रसाद त्यात भरण्यापूर्वी मला एक कार्ड टाकून विचारावेसे तुला वाटले नाही?

कोऱ्या होत्या म्हणून त्या बेवारस नव्हत्या. प्रत्येक दौऱ्यावरून मी एक आणीत असे. निळ्या पट्टीची, पंखांच्या चित्राची, तार दुमडून बंद करायची, अशा एकेचाळीस तुझ्या वहिनीने जपल्या होत्या. नवी आली की पिशवीचे तोंड उघडून विचारी, "मला विमानात ओकारी झाली, तर एवढी पुरेल का?" मी म्हणे, "पुढच्या वर्षी नेतो, तेव्हा पाहू." ती जाईपर्यंत असे मी सात वर्षे म्हणालो.

उरलेल्यांना कोणीही हात लावू नये. वाटलेल्या घरोघर जाऊन परत आणाव्यात, फाटक्या असल्या तरी.

आईचा खोकला कसा आहे? हे पत्र तिला वाचून दाखवू नये.

भंडारा भरून माझ्याकडे आलेली पिशवी निळ्या पट्टीची, अगदी पहिली आहे. पुढच्या महिन्यात विमानाने दिल्लीस जाताना ती भंडाऱ्यासकट खिशात ठेवणार आहे. नेतो म्हटले होते.

तुझा,
रंगनाथ