मांजरीचं पिल्लू मी एकट्यानं वाढवलं

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आमगावात बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा, धंदा करायचा म्हणजे उंदीर आणि मांजर, दोघांशी वैर. गोदामाच्या झरोक्याला आज जाळी ठोकून घेतली. ती भुरी मांजर रोज आत यायची आणि कोऱ्या पोत्यांवर घाण करायची. झंझट खतम. निर्णय घ्यायचा म्हणजे घ्यायचा, हा माझा स्वभाव. बायको, शामकला, म्हणाली की ते मांजर पोटुशी होती जी, आता बारीक दिसून राह्यली, आत पिल्लं हायेत का पाहा. पाहिलं. म्हणजे दारातून पाहिलं. नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
गोदामात चूं-चूं. उंदीर समजून काठी घेऊन गेलो. पोत्यांच्या थप्पीमागे मांजरीचं पिल्लू! एकच. डोळे मिटलेले, नाळ अजून लोंबते. अंग थंड.

मन भरून आलं. काय ही आई! जन्म दिला आणि निघून गेली. आजकाल माणसांत संस्कार उरले नाहीत, मांजरांना काय बोलणार?

शामकलाचं मत वेगळं. मांजर सात घरं फिरवते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, हे शेवटचं नेणार होती तर तुमीच जाळी ठोकली न. बाईमाणसाला प्रत्येक गोष्टीत नवऱ्याची चूक दिसते. मी वाद घातला नाही.

निश्चय : हे पिल्लू मी वाढवणार. एकट्यानं. घरातल्या कोणाची मदत नाही. यावर शामकला खूप हसली. म्हणाली की दोन पोट्टे झाले या घरात, एकाचं तरी ढुंगण धुतलं का तुमी? तेव्हा धानाचा सीझन होता, पोत्यांची मागणी. दोन्ही वेळेला सीझन होता. आता दाखवतोच.

९ फेब्रुवारी, रविवार
पाळणा तयार. राइस मिलमधून ताजा गरम कोंडा आणला, खोक्यात भरला, मध्ये पिल्लू. हीटरला लाइट लागते, कोंड्याला काय लागतं? डोक्याचा वापर! अर्ध्या तासात पिल्लू शिंकायला लागलं. नाकात कोंडा. शामकलानं उचललं, पुसलं, जुन्या स्वेटरमध्ये ठेवलं आणि बाजूला गरम पाण्याची बाटली लावली. ठेवू दिली. स्वेटर माझाच होता, म्हणजे मदत धरता येत नाही.

दूध पाजलं. बाळासारखं उताणं धरून, ड्रॉपरनं. दूध नाकातून बाहेर. पिल्लू निळं पडल्यासारखं झालं. शामकलानं हिसकावून घेतलं आणि पालथं धरून पाजलं. एवढं तर मीही करणारच होतो.

रात्री दर दोन तासांनी पाजावं लागतं म्हणे. मोबाइलमध्ये अलार्म लावले आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार
अलार्म वाजलेच नाहीत. चायनाचा मोबाइल. शामकला म्हणते वाजले, तिनं बंद केले. मग दोष कोणाचा? पिल्लू मात्र जिवंत आहे. माझी योजना बरोबर चालली आहे.

गोदामाच्या मागे एक मांजर सारखी ओरडत असते. झोपमोड. बंदोबस्त करावा लागेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
‘व्यापारी परिवार’ ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘अनाथाचा नाथ होण्याचा अल्पसा प्रयत्न.’ एकोणतीस अंगठे, अकरा नमस्कार. किराणावाल्या उदारामनं लिहिलं की चुन्नीलालभाऊ, फोटोत हात तर भाभीचा दिसून राहिला. बांगड्या दिसतात म्हणे. जळतो. पुढच्या फोटोत हात माझाच पाहिजे.

नाव ठरलं : शेरू. मोठा झाला की गोदामातला एक उंदीर शिल्लक ठेवणार नाही. याला म्हणतात इन्व्हेस्टमेंट.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शेरूची तब्येत जोरात! पोट टम्म, वाजवलं तर वाजेल असं. दुपारची दोन पाजणं मी स्वतः केली. शामकला भावाकडे साखरपुड्याला गेली होती. पिल्लू आता हलत नाही, ओरडत नाही, अगदी शांत. सुखी जिवाचं लक्षण. हिच्या हातात सारखं चूं-चूं करायचं. माझ्या हाताला गुण आहे.

ती मांजर आज झरोक्यातच येऊन बसली. जाळीवर पंजे मारत होती. बादलीभर पाणी फेकलं. तरी हलली नाही. निर्लज्ज.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
शामकला काल साखरपुड्याहून आली, पिल्लाचं पोट दाबून पाहिलं आणि साडीसुद्धा न बदलता जनावरांच्या डॉक्टरकडे पळाली. ऑटोत मीही बसलो, जबाबदारी माझी आहे. डॉक्टर ओरडला. एवढ्या लहान पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. दर वेळी पाजलं की ओल्या कोमट कापसानं खालून पुसत राहायचं. गाईचं दूध बंद, पिल्लांचं डब्यातलं दूध गोंदियाहून मिळेपर्यंत बकरीचं, पाणी घालून. आणखी उशीर झाला असता तर गेलं असतं, म्हणाला.

डॉक्टरनं विचारलं, आतापर्यंत पुसत कोण होतं? शामकला म्हणाली, मी. आणि आज? आज कोणी नाही.

माझ्याकडे सगळेच बघत होते. मी भिंतीवरचं म्हशीचं पोस्टर वाचत होतो.

एक सांगतो. पिल्लू टेबलावर असं पडलं होतं, मला घाबरल्यासारखं झालं. खरंच झालं. मग त्यानं शू केली आणि ठीक झालं. आणि ते शेरू नाही म्हणे. मादी आहे.

निश्चय : उद्यापासून कापूस मी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
कापसाचं काम शामकलाकडेच ठेवलं. मी बारदाना असोसिएशनचा माजी सचिव. कोणी पाहिलं तर? मॅनेजमेंट माझ्याकडे, ऑपरेशन तिच्याकडे. मोठ्या कंपन्या अशाच चालतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार
डोळे उघडायला लागले, एक फट दिसते. उद्या रविवारी बारसं करायचं ठरवलं. ग्रुपवर निमंत्रण टाकलं. पिल्लू पहिला जो चेहरा पाहतं त्यालाच आईबाप मानतं, हे कुठेतरी वाचलंय. तो चेहरा माझा असला पाहिजे. म्हणून सकाळपासून खोक्यात तोंड घालून बसलो. दुकान बंद. मान आखडली. जेवायला उठलो तेवढ्यात दोन्ही डोळे उघडले. समोर शामकला, हातात कापूस.

एवढ्याशा जिवाला काय दिसतं? धरत नाही मी ते.

१६ फेब्रुवारी, रविवार
बारसं झालं. पंधराजण आले, समोसे चाळीसजणांचे. नाव ‘शेरनी’. मी चार शब्द बोललो : भूतदया, समाज, आजची तरुण पिढी. मग पिल्लाला तळहातावर घेऊन सर्वांना दाखवलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि फिस्कारलं. एवढंसं तोंड, पण आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. मी सांगितलं की हे जातिवंत असल्याचं लक्षण आहे. तेवढ्यात आतून शामकलानं कोणाला तरी चहा विचारला. तिचा आवाज ऐकून पिल्लू माझ्या हातावरून तिकडे सरपटायला लागलं. पडता पडता उदारामनं झेललं.

हसले सगळे. समोसे खाऊन हसले.

आणि ती मांजर पूर्ण कार्यक्रमभर खिडकीबाहेर ओरडत होती. शामकला सर्वांसमोर म्हणाली की ते माय हाये तिची, नऊ दिवसांपासून बोलावून राह्यली, तुमाले काऊन समजत नाई? मी म्हटलं, आई असती तर सोडून गेली नसती. जो तो आपल्या समोशाकडे बघायला लागला. पटलं असणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
चोरी! सकाळी खोकं रिकामं. मागचं दार सताड उघडं. पोलिसात जाणार होतो.

शामकला म्हणाली, दार मीच उघडं ठेवलं. पहाटे मांजर आली, खोक्याभोवती फिरली, पिल्लाला हुंगलं, खूप वेळ चाटलं. मग मानगुटीला धरून घेऊन गेली. उदारामच्या लाकडांच्या ढिगात तिची बाकीची तीन आहेत. शामकला तिथवर मागे गेली, पिल्लू पितं की नाही ते पाहून आली. पितं म्हणे.

मी ओरडलो. मला विचारल्याशिवाय? वाढवलं कोणी? ती म्हणाली, वाढवलं मी, म्हणून देऊन टाकलं मी.

तिचे डोळे लाल होते. चुलीचा धूर असणार. आमच्याकडे गॅस आहे, तरी असेल कुठला तरी धूर.

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं : ‘माय-लेकीची भेट घडवून आणली. मिशन पूर्ण.’ पस्तीस अंगठे. उदारामनं काहीच लिहिलं नाही. फक्त त्याच्या ढिगातला फोटो टाकला. चार पिल्लं ओळीनं पीत आहेत. आपलं कोणतं, मला ओळखता आलं नाही. झूम करून पाहिलं, तरी नाही. शामकलानं लगेच बोट ठेवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज पहाटे अलार्म वाजला. बंद करायचा राहिला होता. पहिल्यांदाच मला ऐकू आला. उठलो. फ्रिजमधलं बकरीचं दूध काढलं, पाणी घातलं, बोटानं पाहून कोमट केलं, ड्रॉपर धुतला. कापूससुद्धा ओला केला. सगळं बरोबर, क्रमानं, कोणाला न विचारता. खोक्यापाशी गेलो तेव्हा लक्षात आलं.

शामकला अंथरुणात उठून बसली होती. म्हणाली, कोनासाठी गरम करून राह्यले जी? मी म्हटलं, माझ्यासाठीच, पित्त वाढलंय.

ती बघत होती, म्हणून पूर्ण प्यावं लागलं.