दोन लॅपटॉप जोडले तेव्हा

स्वरदा,
घरात राउटर नाही, म्हणून काल तूच आपले लॅपटॉप वायरलेसने थेट एकमेकांना जोडलेस. "हवे ते फोटो घे," म्हणालीस आणि अंघोळीला गेलीस. फोटोंच्या फोल्डरशेजारी कौस्तुभच्या आईला तू लिहिलेलं पत्र होतं. 'किमयाला फिट येतात.' कौस्तुभशी ठरलेलं माझं लग्न का मोडलं, ते कळलं. फिट आली की माझं डोकं तूच मांडीवर घ्यायचीस. दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं.

सकाळी मी तुझ्या बाबांना फोन केला. तू रोज ऑफिसला जातेस असंच त्यांना वाटत होतं. नोकरी मार्चमध्येच गेली, हे मी सांगितलं. ते "निघतो" म्हणाले. संध्याकाळपर्यंत इथे मारुंजीत पोचतील.

मी खोली सोडतेय. दूध तापवून ठेवलंय, त्यांना चहा दे.

किमया