सुपडाबाई बोलत नाही

१२ जाने. १९५४, जळगाव

समन्स आले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सत्र न्यायालयात सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून हजर राहावे. आरोपी सुपडाबाई, माझ्या मुलाची दूधआई. आरोप असा की तिने अरुणला पोटावर चटके दिले व त्या जखमांतून धनुर्वात होऊन तो गेला.

श्रावणात माझी पत्नी सु. गेली, जुळी मागे ठेवून. सुपडाबाईच्या अंगावर तिची स्वतःची मंजुळा होती. दूध आणखी एकासच पुरणार. म्हणून अरुण येथे तिच्या पदराखाली राहिला आणि उषेस अक्का, म्हणजे सासूबाई, सावद्यास घेऊन गेल्या, शेळीच्या दुधावर. मार्गशीर्षात जुळ्यांच्या लांबलेल्या बारशाकरिता मेहुणे नाना आले व सुपडाबाई आणि अरुण यांस सावद्यास घेऊन गेले. ती परत आली. आठवडा पुरा होण्याच्या आत बाळाचा जबडा मिटला. डॉक्टरांनी झबले वर केले तेव्हा पोटावरचे व्रण प्रथम दृष्टीस पडले. तोवर आंघोळ-अंगडे सर्व सुपडाबाईच करीत असे. फिर्याद नानांची : "आमच्या घरून मूल धडधाकट निघाले."

मी तिला विचारले, कोणी दिले हे चटके? गप्प. फौजदारांनी विचारले. गप्प. मौन म्हणजे कबुली, असे जो तो म्हणतो. मला हे मान्य नाही. इतक्या अपुऱ्या आधारावर वर्गात मी साधे प्रमेयसुद्धा स्वीकारीत नाही.

१७ जाने.

देवरे धुळ्याहून आला. कॉलेजातील सहाध्यायी, आता तेथे वकिली करतो. सुपडाबाईचा भाऊ धुळ्याकडचा. त्याने वकीलपत्र याला दिले आहे. मी म्हणालो, "मी विरुद्ध पक्षाचा साक्षीदार. तुझ्याशी बोलणे शिष्टसंमत आहे काय?"

"चहा तर शिष्टसंमत आहे ना? तू चहा पाज. बोलतो मी."

तुरुंगात तिला भेटून आला. मंजुळाही तिच्याजवळ आत आहे. कोणतेही प्रश्न करा, तिचे एकच वाक्य : "दुसरी पोर जित्ती शे ना? मंग मी काही बोलनार नही."

"तू गणिताचा मास्तर," देवरे म्हणाला, "सोडव हे."

सुटले नाही. दुसरी पोर म्हणजे उषाच. पण उषेचा या खटल्याशी संबंध काय? शनिवारी सावद्यास जाणे.

२३ जाने., सावदा

भुसावळास गाडी बदलली. सावदा स्टेशनावर केळीचे घड उतरवून परत निघालेल्या बैलगाडीत जागा मिळाली. धोतराला चीक लागला, तो निघणार नाही.

नाना ओट्यावरच होते. "या मास्तर! पोरीची हजेरी घ्याले आले का?"

अक्का मागल्या दारी उन्हात उषेस न्हाऊ घालीत होत्या. मला पाहताच त्यांनी स्वतःचा पदर तिच्या पोटावर टाकला. मूल पाच महिन्यांचे. त्याची लाज ती काय? तो पदर माझ्या लक्षात राहिला. उषा पाय झाडते. सु. झोपेत झाडी तसेच, उजवा आधी. पदर घसरला.

बेंबीभोवती चार आणि उजव्या बरगडीखाली एक. गोल, भरून आलेले डाग.

अरुणच्या वैद्यकीय अहवालातील ते वाक्य मला मुखोद्गत आहे. तीच संख्या, त्याच जागा. आणि उषा तर जन्मल्यापासून अक्कांपाशीच आहे.

"अक्का, हे काय?"

"पोट फुगलं व्हतं तिचं. तापल्या हळकुंडाचा डाग देला." मग आवाज उतरवून : "त्याची वाच्यता करू नये जावयबापू, वरीस होईलोक. डाग बोलला का उलटते. लेकरू जाते."

"अरुणलाही दिला होता?"

नाना मध्ये आले. "मास्तर, जेवाले चला. भरीत निवते."

पानावर बसलो आणि भरीत निवू दिले. सुपडाबाई का बोलत नाही हे मला कळले. ती बोलली तर उषा जाईल, असे तिला सांगितलेले आहे. ती माझ्या मुलीकरिता गप्प आहे.

इति सिद्धम्. केवळ न्यायालयात सिद्ध व्हायचे आहे.

२४ जाने., परत जळगाव

सकाळी जाहीर केले, मुलगी घेऊन जातो. अक्का रडू लागल्या. नाना हसले.

"दूध काय खडूनं फळ्यावर काढता का?"

"शेळीही द्या."

ते थट्टा समजले. मी दावे सोडले.

भुसावळच्या फलाटावर एका काखेत उषा, दुसऱ्या हाती दावे, डोक्यावर काळी टोपी, आणि माझे दोन विद्यार्थी नमस्कार करून समोर उभे! शेळीचे रीतसर तिकीट काढले होते. गार्ड म्हणाला, "मास्तर, हिला सेकंड क्लासात बसवता का?" मी गंभीरपणे सांगितले की ती नोकरीवर आहे. सबंध फलाट हसला. मीही. श्रावणानंतर प्रथमच.

२७ जाने.

सरकारी वकिलांस आधी सांगणे कर्तव्य होते, म्हणून गेलो. सर्व सांगितले. त्यांनी चष्मा पुसला. "गुरुजी, आपल्या मुलाला न्याय मिळावा असं वाटतं ना?"

"त्याचसाठी आलो."

"मग उभा राहिलेला खटला पाडू नका. मुलीचे डाग मुलीपाशी. विचारू तेवढंच बोला."

नमस्कार करून निघालो. देवरेला एक ओळ टाकली : मला उलटतपासणीत मुलीविषयी विचार. हे शिष्टसंमत नसेल. असो.

१४ फेब्रु.

शेळीमुळे शाळेत माझे नाव 'शेळके सर' पडले आहे. मूळ आडनावाशी काही संबंध नाही. शेजारच्या काकू दिवसा उषेला सांभाळतात. संध्याकाळी ती माझ्या मांडीवर. मी वह्या तपासतो. आज एका वहीवर तिने... असो. ज्याची वही भिजली त्याला दुसरी देईन.

तिचे डाग आता फिके पडत आहेत. भीती वाटते, मार्चपर्यंत पुसले तर? चाळिशी लावून रोज पाहतो. बाप म्हणून पुसावेत अशी इच्छा, साक्षीदार म्हणून राहावेत अशी. सु. असती तर म्हणाली असती, "एक काही तरी ठरवा."

८ मार्च

खटला उभा राहिला. न्यायालय तुडुंब. सुपडाबाई पिंजऱ्यात, मंजुळा कडेवर. हाडकली आहे. मी नमस्कार केला. पिंजऱ्यातल्या आरोपीस फिर्यादी पक्षाच्या साक्षीदाराने नमस्कार केला म्हणून पट्टेवाल्याने माझ्याकडे रोखून पाहिले.

डॉक्टरांची साक्ष झाली : बेंबीभोवती चार, उजव्या बरगडीखाली एक. मग नाना. शपथेवर सांगितले : "सावद्याले पोऱ्याच्या अंगाले कोणी बोट लावलं नई." देवरेने एवढेच विचारले, "जुळ्यांपैकी दुसऱ्यालाही नाही?" नाना म्हणाले, "कोनालेच नई." देवरे खाली बसला. मला वाटले, फार लवकर बसला. आता समजते की नेमका वेळेवर बसला.

९ मार्च

आज काय लिहू आणि किती लिहू!

माझी साक्ष. सरकारी वकिलांनी जन्म, मृत्यू, तारखा एवढेच विचारून सोडले. देवरे उठला. "आपली मुलगी कोठे आहे?"

"बाहेर, काकूंच्या मांडीवर."

"तिच्या अंगावर काही खुणा?"

हरकत घेतली गेली. न्यायाधीशांनी ती ऐकून घेतली व म्हणाले, "मुलीला आणा."

उषेस घेण्यास वाकलो तेव्हा टोपी पडली. उचलली नाही. उघड्या डोक्याने न्यायासनासमोर उभा राहिलो. डॉक्टरांनी झबले वर केले, पाहिले, काल वाचलेला स्वतःचा अहवाल पाहिला, पुन्हा पोट पाहिले. "त्याच जागा. एकच पद्धत. हात एकच असावा." उषेने त्यांची नळी धरली ती सोडीना. न्यायाधीशसुद्धा हसले.

नानांचा चेहरा केळीच्या वाळल्या पानासारखा झाला.

मग अक्का. त्या इतका वेळ बाहेर होत्या. आत काय घडले ते त्यांस ठाऊक नव्हते. सरकारी वकिलांनी दोन प्रश्नांत आटोपले. देवरे मात्र सुनेने सासूशी बोलावे तसा बोलू लागला.

"अक्का, सावद्याकडे पोटफुगीला तुमच्याच हातचा डाग लागतो म्हणतात."

"लागते. पार रावेरचे लोक पोरं आनता माह्याकडे." मान ताठ.

"उषेला दिला?"

"देला. म्हनून त जिती आहे." मग थबकल्या. "हे बोलू नये."

"बोलल्यानं उलटतो म्हणून?"

"व्हय."

"उषेचे डाग आता सबंध कोर्टानं पाहिले, अक्का. ती बघा, बापाच्या खांद्यावर खेळते आहे. एकच सांगा. जुळ्यांत एकट्या पोरीलाच डाग देतात का?"

हा प्रश्न त्यांना अपमानासारखा लागला. "एकटीले कसा देईन? तुले कोनं शिकवलं? जुळं आहे ते! एकाले देला न दुसऱ्याले नई, त दुसरं हातचं जाते. दोघाईले एकाच हळकुंडानं देला मी, एकाच बैठकीत. पोराले आधी!"

न्यायाधीशांची लेखणी तेवढी चालत होती.

अक्कांनी नानांकडे पाहिले. मग पिंजऱ्याकडे. काय झाले ते हळूहळू त्यांच्या ध्यानी आले. म्हणाल्या, "सुपडे, तू सांगितलं नई?"

सुपडाबाई प्रथमच बोलली. "तुम्हीन शप्पथ घाली व्हती ना, अक्का. उषानी."

न्यायाधीशांनी शांततेसाठी टेबलावर हात आपटला. व्यर्थ. मागल्या बाकांवरून कोणी तरी ओरडले, "वा रे माय!"

१२ मार्च

निर्दोष! निर्दोष! निर्दोष!

एक शब्द तीनदा लिहिणे भाषेच्या दृष्टीने दोषास्पद आहे. चौथ्यांदाही लिहितो. निर्दोष.

न्यायाधीश म्हणाले, आरोपीचे मौन हा अपराधाचा पुरावा नव्हे. या प्रकरणी ते मायेचे लक्षण ठरले. नानांच्या शपथेविषयी कडक शब्द. सुपडाबाईला इंग्रजीतला निकाल कळला नाही; देवरेने अहिराणीत सांगितला : "सुटनी माय तू." तिने पिंजऱ्याच्या कठड्याला हात लावून नमस्कार केला, जणू देवळाचा उंबरा.

न्यायालयाबाहेर टांगा ठरवला होता, तो परत पाठवला. चालत निघालो. पुढे सुपडाबाई, एका कडेवर मंजुळा, दुसऱ्या कडेवर उषा. मागे मी, उघड्या डोक्याने, नवी टोपी अजून घेतलेली नाही. मागे देवरे. मग माझ्या वर्गाची मुले, त्यांना सुटी कोणी दिली देव जाणे. बाजारपेठेत हलवायाने विचारले, "मास्तर, कशाची मिरवणूक?" मी म्हणालो, "माझ्या मुलीची दूधआई आली." त्याने पेढ्यांचे ताट पुढे केले. वाटत वाटत घरी.

उषा शेळीच्या दुधावर वाढलेली. अंगावर घेईल की नाही शंका होती. तिने क्षणभर सुपडाबाईकडे पाहिले आणि जन्मल्यापासूनचे येणे वसूल करावे तशी लागली. सुपडाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. खांदे हलत होते.

मी अंगणात आलो. सु.ला सांगितले. मोठ्याने सांगितले. अरुणलाही.

१४ मार्च

देवरे धुळ्यास परतला. जाताना म्हणाला, "शेळी मला दे, फी म्हणून." दिली नाही. सेवानिवृत्त झाली तरी ती घरातलीच.

१९ मार्च

फौजदार येऊन गेले. नवा तपास, अक्कांविरुद्ध. रविवारी माझा जबाब घेणार. "आता तुमच्यावरच सगळं आहे, सर. म्हातारीनं डाग दिला तो मुलावरच्या मायेनं, की निष्काळजीपणानं, ते तुम्हीच सांगू शकता. तुमचा शब्द कोर्ट मानते."

माझा शब्द कोर्ट मानते. परवापर्यंत या वाक्याचा अभिमान वाटला असता. आजही वाटतो, पण हातात काही जड दिल्यासारखे झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२१ मार्च

फौजदार दहा वाजता येणार. आठ वाजले आहेत.

फाटकाशी अक्का. एकट्या. सावद्याहून एकट्या गाडीने कधी आल्या नव्हत्या. डोक्यावर गाठोडे. फाटकाला हात लावलेला नाही. हाकही मारली नाही. मागच्या अंगणातून शेळीने त्यांस ओळखले, ती ओरडते आहे.

सुपडाबाई दारात, कडेवर उषा. तिनेही पाहिले. मला विचारते, "भाऊ, कडी काढू का?"

मी लिहीत आहे असे दाखवले. खरोखर लिहीतच आहे. काय उत्तर द्यावे, आणि दहा वाजता

ती थांबली नाही. उषेला घेऊनच अंगणात उतरली. कडी वाजली.