तू पुसून टाकलेले कच्चे सूर

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलं होतं. आज भांडायला बसले आहे. परवा तुझ्या पिंकीचं लग्न आहे आणि गेला आठवडाभर मी तुझ्यावर चिडून आहे.

पोरीनं एकच हट्ट धरला होता. मांडवात येताना आजोबांची क्लॅरिनेट वाजली पाहिजे. अण्णांनी आयुष्यभर बँडमध्ये लोकांच्या वराती वाजवल्या, मग सख्ख्या नातीला का नको? पण तुला ठाऊक नसेल, यंदा अण्णांच्या तोंडावरून वारं गेलं. ओठ एका बाजूला ओढले गेलेत, क्लॅरिनेट धरता येत नाही. मी पिंकीला म्हटलं, "काळजी करू नकोस. तुझ्या पप्पांनी आजोबांचा सूर न् सूर रेकॉर्ड करून ठेवलाय."

कुठे ठेवलायस, दादा?

काष्टीच्या तुझ्या स्टुडिओत पंखा बंद करून तू अण्णांना एकेक सूर वाजवायला लावायचास. आधी हळू, मग जोरात. घामाघूम व्हायचात दोघं. त्या सगळ्याची तू एक इन्स्ट्रुमेंट फाईल केलीस. कीबोर्डची पट्टी दाबली की अण्णांची क्लॅरिनेट वाजायची. मला तेव्हा तुझं केवढं कौतुक वाटलं होतं! पण मी विचारलं होतं, "कच्ची रेकॉर्डिंगं ठेवलीस ना?" तू हसलास. "दळण आणल्यावर गहू कशाला शोधतीस? डिस्क भरली व्हती. टाकली पुसून."

तुझी ती फाईल माझ्या नगरच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. सॉफ्टवेअर तेच, पण नवं, आणि त्याला तुझी जुनी फाईल ओळखता येत नाही. मी शाळांच्या गॅदरिंगची गाणी करते, या कामातलं थोडंफार कळतं मला. सगळे उपाय करून पाहिले. तेच साधे कच्चे सूर असते तर मोबाईलवरसुद्धा वाजले असते की नाही?

शेवटी काष्टीला आले. वहिनीनं माळ्यावरून तुझा जुना कॉम्प्युटर काढून दिला. त्यात फाईल उघडली. मी एकेक पट्टी दाबून सूर बाहेर काढले, जुळवून एक चाल बसवली आणि अण्णांना ऐकवली.

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. "सुरात हाय," ते म्हणाले. "पन ह्यो दम कुठं घेतोय? मानूस हाय का मशीन?"

सुराच्या आधीचा श्वास तू कापलास. पट्टी दाबून धरली की सूर लांबत राहावा म्हणून मधला तुकडा गोल गोल फिरवलास. काही सूर तर घेतलेच नाहीस, शेजारचेच ताणून बसवलेस. मला कळतं रे, त्याशिवाय ते वाद्य वाजवता आलं नसतं. रोजच्या गाण्यांना ते पुरतही होतं. वाद्य कर ना, कोण नको म्हणतंय? पण मूळ का पुसलंस?

तो राग मी वहिनीवर काढला. "तुम्ही तरी सांभाळून ठेवायचं होतं," म्हणाले.

"त्यांना जागाच पुरायची न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "रोज कुनाचं तरी गानं यायचं." चहा माझ्यापुढे ठेवून ती आत गेली. मला माझीच लाज वाटली, पण राग काही उतरला नाही.

कॉम्प्युटर बंद करता करता कोपऱ्यात एक फोल्डर दिसलं. नाव होतं 'खराब'. वाद्यात न घेतलेली रेकॉर्डिंगं. ती पुसायची तू विसरलास. एक लावलं. आधी अण्णांचा खोकला. मग तुझा आवाज.

"अण्णा, चाल नको. एकच सूर धरा."

"एकच सूर धरून कुनाचं लगीन लागतं का रं?"

आणि वैतागून अण्णांनी नवरी मांडवात आणतानाची अख्खी चाल वाजवली. मधे सूर चिरकला, रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. श्वास तर प्रत्येक ओळीला ऐकू येतो. आणि तू हसतोयस. माईकपासून लांब, तोंड दाबून.

वहिनी कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

"परत लाव," ते म्हणाले. चाल संपली तरी मान वर केली नाही. "पोरगं हसतंय बघ."

आम्ही ते पुन्हा ऐकलं, मग पुन्हा.

तुला हे खराब वाटलं होतं, दादा? कामाचं म्हणून जे निवडलंस त्यात अण्णा सापडले नाहीत, आणि तू तर नव्हतासच. माझा राग अजून गेलेला नाही. तू समोर असतास तर आज चांगलं खडसावलं असतं तुला.

आता एक शब्द देते. पिंकी मांडवात येईल तेव्हा हेच वाजेल, पहिल्या खोकल्यापासून. साउंडवाला म्हणेल, ताई, सुरुवातीचं बोलणं उडवू का? मी त्याला हात लावू देणार नाही. पोरीला तिच्या बापाचा आवाज ऐकू दे.

तुझी भांडखोर बहीण,
मंगल