अपूर्वच्या खोलीतली धुरी

प्रिय मृणाल,

एरवी 'अनेक आशीर्वाद' लिहून सुरुवात केली असती, पण आज तो अधिकार मला आहे की नाही, हे तू हे वाचून ठरव. कागद तुझ्या तापाच्या वहीचे आहेत. मागची चार पानं फाडली. रागावू नकोस, आणि रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागाव, कारण त्याहून मोठं कारण पुढे आहे. एका पेशंटला एकच पास, तू वर आलीस की मला खाली जावं लागतं, आणि लिफ्टपाशी त्या अर्ध्या मिनिटात आपण सहा दिवस 'ताप किती' आणि 'जेवलात का' एवढंच बोलतोय. तोंडाने सांगायला गेले तर एक तर मी भांडेन नाही तर गप्प बसेन. म्हणून लिहितेय. अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या त्या हिरव्या खुर्चीत बसून वाच आणि मगच आत जा.

आधी त्याची खबर. आत्ता अकरा वाजलेत. सकाळी सातला ताप एकशे तीन होता. नाकातल्या नळीचा ऑक्सिजन पुरेना म्हणून पहाटेपासून तोंडाला घट्ट मास्क बांधलाय, त्याचा पट्टा गालात रुतलाय. काचेतून मी त्याचे श्वास मोजले, मिनिटाला छत्तीस. पांढऱ्या पेशींचा काउंट कालच्याएवढाच, म्हणजे नसल्यातच जमा. रक्ताच्या कॅन्सरशी पाच महिने झुंजलेला माझा पोर, आणि त्याला आता डोळ्यांना न दिसणारा कुठला तरी जंतू गिळायला निघालाय. मला रडू येत नाही गं, संताप येतो. आणि तो कुणावर काढायचा, हे मला एकटीलाच माहीत आहे.

तुला आठवतं, त्याचं निदान झालं आणि आठवड्याभरात तू बाळकुमचं घर उलटंपालटं करून टाकलंस? चपला दाराबाहेर. पाणी उकळूनच. कच्ची कोशिंबीर बंद, फुलं बंद, शेजारपाजार बंद. माझ्या सख्ख्या बहिणीला तू दारातूनच परत पाठवलंस, ती अजून फुगलेली आहे. मातीत जंतू असतात म्हणून तुळशीची कुंडी जिन्यात नेऊन ठेवलीस, त्या दिवशी मी जेवले नव्हते. तुला वाटलं पित्त झालंय. आणि ते हात धुणं! मी बेसिनशी उभी आणि तू बाजूला वीसपर्यंत आकडे मोजतेयस. डोंबिवलीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, आणि कालची सून मला साबण लावायला शिकवणार! हे गेल्यापासून माझं म्हणून एक पोरगंच उरलं होतं, त्याच्या खोलीत जायलाही तुझी परवानगी लागायला लागली. मी मनात तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, तेवढी लाज आहे.

माझं माहेर मोहन्याचं, हे तुला माहीत आहे. वडील रेयॉनच्या कारखान्यात होते. आमच्या कॉलनीत कुणी बाळंतीण असो, कुणाला कांजिण्या येऊन गेलेल्या असोत, आईला बोलावणं यायचंच. ती शेगडीत गोवरी पेटवून निखारा करायची, वर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकायची आणि दारं लावून घ्यायची. डोळे चुरचुरायचे, सगळे खोकायचे, आणि आई म्हणायची, आता हवा स्वच्छ झाली. मी पुढे बीएस्सी झाले, बीएड झाले, पण धुरी काही सुटली नाही. अपूर्वला लहानपणी छाती भरली की मी डॉक्टरकडेही न्यायची आणि घरी आणून धुरीही द्यायची. तो बरा व्हायचा. कशाने व्हायचा, हे मी विज्ञानाची बाई असून कधी विचारलं नाही.

आता खरं काय ते सांगते. दुसऱ्या किमोनंतर त्याला घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की येत्या आठवड्यात काउंट एकदम खाली जाईल, जपा. तुझी रजा संपली होती. मंगळ, बुध, गुरु तुला ऑफिसला जाणं भागच होतं, आणि तू मला तीन पानी सूचना लिहून दिल्यास. त्याच्या आधीच्या रविवारी मी डोंबिवलीच्या घरी कपडे आणायला म्हणून गेले होते ना, तिथून मी मोहन्याला गेले. रखमाबाई म्हणून एक आहे, तिच्या म्हशी आहेत, आईसुद्धा तिच्या सासूकडूनच गोवऱ्या घ्यायची. पावसाळ्यापासून छपराखाली रचून ठेवलेल्या डझनभर गोवऱ्या तिने पिशवीत भरून दिल्या. मी त्या साड्यांच्या खाली घालून तुझ्या घरात आणल्या. चोरून आणल्या, सरळच लिहिते.

मंगळवारी तू साडेआठला निघालीस आणि मी पिशवी त्याच्या खोलीत नेऊन उघडली. काही गोवऱ्या दमट होत्या, त्यांच्यावर पांढरा-हिरवट बुरा आला होता. मी त्या एकमेकींवर आपटल्या, हाताने झटकल्या, तिथेच, त्याच्या पलंगापासून चार हातांवर. मग लोखंडी घमेल्यात पेटवल्या, दार लावलं. मृणाल, त्याने नको म्हटलं होतं. नको ना आई, ती बिचारी एवढं करतेय, असं म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू गप्प पड, मी तुझी आई आहे. मग तो खोकला आणि हसून म्हणाला, मृणालला वास आला तर आपल्या दोघांना कुंडीशेजारी जिन्यात बसवेल. असं मी तीन दिवस केलं. रोज दुपारी खिडक्या उघडून पंखे लावायचे, पडदे झटकायचे, घमेलं धुऊन ठेवायचं. बुधवारी तुला वास आलाच होता. मी म्हटलं, खालच्या मजल्यावर होम होता. तू विश्वास ठेवलास.

रविवारी सकाळी त्याला ताप भरला आणि तू अकरा मिनिटांत त्याला गाडीत बसवलंस. मी घड्याळाकडे बघत होते. तुझी बॅग भरलेलीच होती, फाइल वर होती, वाटेतूनच हॉस्पिटलला फोन झाला. मी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं, मनातल्या मनात, की ही पोरगी नसती तर काही खरं नव्हतं. सोमवारी त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. दोन वेळा अँटिबायोटिक बदललं, ताप हटेना. मंगळवारी डॉक्टरांनी आपल्या दोघींना खोलीत बसवून छातीचा स्कॅन दाखवला. दोन्ही बाजूंना डाग. साधे जंतू नसावेत म्हणाले, बुरशीही असू शकेल. आणि मग एकेक विचारायला लागले. घरात ओल आहे का, शेजारी बांधकाम आहे का, माती, जुनं धान्य, धूळ, जनावरं, शेण, धूर?

तू वही उघडून एकेकाचं उत्तर दिलंस. आणि शेवटी म्हणालीस, डॉक्टर, आमच्या घरात असं काही होणं शक्यच नाही, मी स्वतः बघते, आणि मी नसते तेव्हा आई असतात. असं म्हणून तू माझ्याकडे बघितलंस. सहा वर्षांत तू पहिल्यांदा तसं बघितलंस माझ्याकडे, आधारासाठी. मी मान हलवली. नाही, काही नाही म्हटलं.

त्या क्षणी मला सगळं कळलेलं होतं. अगं, मी आठवीच्या पोरांना दर वर्षी पावाचा तुकडा ओला करून डब्यात ठेवायला लावायची. चार दिवसांनी डबा उघडताना ओरडायची, नाकावर रुमाल धरा रे, ते बीजाणू असतात, श्वासाबरोबर आत जातात! चाळीस चाळीस पोरांची नाकं सांभाळली मी. आणि माझ्या पोराच्या अंगात एकसुद्धा पांढरी पेशी धड नसताना मी त्याच्या नाकासमोर ते झटकलं. मग बोलले का नाही? तुझी भीती वाटली. तू बरोबर ठरशील आणि मी अडाणी ठरेन, याची भीती वाटली. त्याच्या जिवापेक्षा मला त्या वेळी माझं नाक मोठं वाटलं. यापुढे मला कुणी काही म्हणायचं शिल्लक राहिलेलं नाही.

गुरुवारी डॉक्टरांनी तेच प्रश्न अपूर्वला विचारले. तू तेव्हा त्याच्या उशाशी होतीस. त्याने काय सांगितलं ते तुला माहीत आहे. मीच आईच्या मागे लागलो धुरी दे म्हणून, ती नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही, आणि कुणाला सांगू नको अशी शपथही मीच घातली. त्या संध्याकाळी बुरशीवरचं ते पिवळं औषध सुरू झालं, ज्याने त्याला हुडहुडी भरते. आणि तू पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून त्याला म्हणालीस, तुला जगायचंच नसेल तर तसं सांग, मी उगाच जीव काढतेय. सिस्टरने मला त्या दिवशी दोन मिनिटं वर सोडलं होतं, मी अर्धवट उघड्या काचेच्या दारातून ऐकत होते. तुझ्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, बोलू नको म्हणून. आणि मी पुन्हा गप्प राहिले. त्यानंतर तू त्याचे ओठ पुसतेस, त्याची कूस बदलतेस, सिस्टरना एकेक आकडा विचारतेस, पण त्याच्याशी शब्द बोलत नाहीस. आज तिसरा दिवस. तुझी काही चूक नाही. मी तुझ्या जागी असते तर खोली डोक्यावर घेतली असती.

आज सकाळी आठ वाजता मी डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. किती गोवऱ्या, किती दिवस, वर काय आलेलं होतं, कुठे झटकलं. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. म्हणाले, याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही, हे बीजाणू हवेत कुठेही असतात, पण होऊ शकतं. मी विचारलं, मंगळवारीच सांगितलं असतं तर? ते म्हणाले, तर औषध मंगळवारीच सुरू केलं असतं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस, मृणाल. ते दोन दिवस मी खाल्ले.

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहिलं ते. मी फोनवर तुला फक्त लवकर ये म्हटलं, कारण हे फोनवर सांगवलं नाही. त्याची छाती दमलीय. तीन वाजता त्याला झोपेचं औषध देऊन घशात नळी घालणार आहेत, व्हेंटिलेटरवर घेणार आहेत. सही तुझी लागेल. नळी गेली की त्याला बोलता येणार नाही. किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि पुन्हा बोलेल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. सकाळी त्याने मास्क जरा बाजूला करून मला एवढंच विचारलं, ती अजून चिडलीय का? मृणाल, त्याने काहीही केलेलं नाही. तुझा एकही नियम त्याने मोडला नाही, मोडला तो मी. माझ्याशी तू भांड, आयुष्यभर बोलू नकोस, घरात घेऊ नकोस, मी हूं की चूं करणार नाही. पण आत्ता आत जा आणि त्याच्याशी बोल, तीन वाजायच्या आत बोल, तुला जे जे बोलायचं असेल ते. तो पुन्हा म्हणेल की मीच आईला करायला लावलं. ते ऐकून घेऊ नकोस. त्याच्याजवळ थोडाच श्वास उरलाय, तो माझ्यासाठी खोटं बोलण्यात घालवू देऊ नकोस.

तुझीच,
अपूर्वची आई