दुसरा नमुना

४ मार्च
शोधनिबंधाच्या परीक्षकांचं उत्तर आलं. जिवाणू नवा वाटतो, पण नमुना एकच! त्याच मातीतून पुन्हा मिळवून दाखवा, मगच नवी प्रजाती मानू. म्हणजे माझी सहा वर्षं अधांतरी. मेअखेर निवृत्ती, मग प्रयोगशाळेची ही खोली दुसऱ्याची.

५ मार्च
नळीत त्या मातीचा कणही उरलेला नाही.

९ मार्च
शोधनिबंधात एवढंच लिहिलंय – 'घराच्या अंगणातील, लिंबाखालची माती'. बाकीचं कशाला लिहायचं? आईच्या शेवटच्या आठवड्यात मी इथे जिवाणू वाढवायच्या प्लेट्स मोजत बसले होते. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. निघताना सवयीने पर्समधली नळी काढली, लिंबाखाली वाकले. ताई दारातून म्हणाली, "आई गेली, आणि तू माती भरतेयस?" तिचं काय चुकलं? पण फणकारले मीच. तेव्हापासून अबोला.

पुढे घर विकलं. अंगणात आता फरशी आहे.

१२ मार्च
पण लिंबाचं एक रोप ताईने कुंडीत नेलंय, मातीसकट! मावशी म्हणाली होती. फोन हातात घेतला. ठेवला.

१३ मार्च
तेच.

१४ मार्च
केला एकदाचा! "कोण बोलतंय?" – आवाज ओळखला नाही तिने. सगळं सांगितलं. म्हणाली, "सहा वर्षांनी फोन, तोही मातीसाठी! धन्य आहेस बाई." पत्ता विचारला आणि ठेवला. डबा तसाच परत आणला.

२१ मार्च
पार्सल! चार पिशव्या, प्रत्येकीवर तिचं ठसठशीत अक्षर – वरची, मधली, मुळांजवळची, तळाची. चिठ्ठी नाही. खोक्याच्या घड्यासुद्धा उलगडून पाहिल्या, वेड्यासारखं.

१ एप्रिल
नऊ दिवस प्लेट्स कोऱ्या. आज मुळांजवळच्या मातीत एक गुलाबी ठिपका. पाहतच बसले.

२२ एप्रिल
जनुकांचा अहवाल आला. प्रजाती तीच, नमुना नवा! जिंकले! सांगायला वळले, तर खोलीत मी आणि घरघरणारा फ्रिज. विभागप्रमुखांना कळवलं. त्यांचं उत्तर – 'अभिनंदन. किल्ल्या मेअखेर कार्यालयात द्याव्यात.' खूप रडले.

२३ एप्रिल
ताईचा फोन. आपणहून! "सापडलं का गं तुझं ते?"

म्हटलं, "नाही ना. अजून माती लागेल. या वेळी मीच येते न्यायला."