पिशवीसकट वजन

कोकबुलाक, कातोन-कारागाय
८ ऑक्टोबर १९९४

प्रिय कुल्याश अपास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आईने पाठवलेलं वाळवलेलं खरबूज दोन्ही पोचलं. पुडकं उघडताच शेजारच्या तीन घरांतल्या बायका माझी तब्येत विचारायला आल्या. माझ्या वाट्याला दोन तुकडे राहिले, पण गावाशी ओळख झाली म्हणायची.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक शेगडी आणि मी ही एकटी सुईण. माझ्याआधी एक म्हातारे कंपाउंडर होते, ते गुडघ्यांपायी काम सोडून मुलाकडे गेले. डॉक्टर सत्तर किलोमीटरवर. हेलिकॉप्टर पूर्वी यायचं म्हणतात, आता येत नाही. हे सगळं किझिलओर्दाहून निघताना मला माहीत होतं, तेव्हा रागावू नकोस. माहीत नव्हतं ते पुढे सांगते.

खिंडीपलीकडे, इथून अकरा किलोमीटरवर, बातिमा नावाच्या बाईंची हिवाळी वस्ती आहे. त्यांची सून तोरगिन जानेवारीअखेरीस बाळंत होईल. गेल्या हिवाळ्यात तिची पहिली वेळ होती. मूल आडवं होतं. नवरा घरच्या करड्या घोड्यावर त्या कंपाउंडरना बसवून निघाला, तर खिंडीखालच्या चढावर घोडा पोटापर्यंत बर्फात रुतला. पुढे जाईना. परत फिरावं लागलं आणि मूल गेलं. या वेळी तिला आधीच गावात आणून ठेवा म्हणून मी सांगून पाहिलं. पण तीनशे मेंढ्या, माणसं तीनच, आणि तोरगिन तर घराचा उंबरठा सोडायचं नावच काढत नाही. तेव्हा मी बातिमाबाईंना शब्द दिला की मी येईन.

शब्द देऊन झाल्यावर विचारलं की जायचं कसं. त्या म्हणाल्या, स्कीवर, दुसरं कसं. अपा, इथे सहा वर्षांच्या पोरीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळे स्कीवर चालतात. मला त्या पट्ट्यांचं पुढचं टोक कोणतं ते कळायला दोन दिवस लागले. तू शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कोठीवर आहेस, तर सांग, नवशिक्या बाईने पहिली जोडी कशी निवडायची? लाकूड बघायचं, लांबी बघायची की रंग? मला सगळंच जाणून घ्यायचंय, आणि वेळ आहे तीन महिने.

आईला खिंडीचं सांगू नकोस. लोभ आहेच, तो इथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी धाकटी बहीण,
मरझान


किझिलओर्दा
२९ ऑक्टोबर १९९४

चि. मरझान हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खिंडीचं आईला सांगितलं. पत्र तिच्यासमोरच फोडलं होतं, लपवणार कशी? तिने सगळं ऐकून एकच विचारलं, की त्या पट्ट्यांना ब्रेक कुठल्या बाजूला असतो. नसतो म्हटल्यावर उठून आत गेली आणि दिवसभर पीठ मळत बसली. तळलेले बौरसाक इतके झाले की रस्त्यावरच्या लोकांना बोलावून वाटले.

तू चौतीस वर्षांची झालीस. आपल्याकडे बर्फ पडतो तो धुळीच्या बेताने. लहानपणी तुला गच्चीच्या शिडीवरून खाली उतरवायला दोन काका लागायचे, हे मी त्या बातिमाबाईंना कळवू का?

असो. आमच्या कोठीत एक कोरी जोडी पडून होती, लालभडक, गुळगुळीत. रीतसर मागून घेतली. खेळाचे मास्तर म्हणाले, हात वर करायचा, मनगटापर्यंत येईल तेवढी लांबी, बाकी काही बघायचं नाही. तुझी उंची एकशे अठ्ठावन्न, मला पाठ आहे, तुझे सगळे कपडे मीच शिवलेत. जोडी चुलतभावाच्या ट्रकवरून येईल. माझ्या पैशाने वंगणही पाठवलंय, आधी ते लाव, मग पड.

आईचा आशीर्वाद आणि डोळ्यांतलं पाणी यासोबत समजून घे. माया कमी होऊ देऊ नये.

तुझी,
कुल्याश


कोकबुलाक
४ डिसेंबर १९९४

प्रिय अपास,
सा. न. वि. वि.

लाल जोडी पोचली. ती बघायला अख्खं गाव लोटलं. मी ऐटीत वंगण लावलं, पाय अडकवले, ताज्या बर्फात पहिलं पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. दुसरं पाऊल शोधायलाच मिनिटभर लागलं. चढावर तर कहर, एक पाऊल पुढे आणि तीन मागे. दुकानवाल्या उलताय हसून हसून खाली बसल्या. तुझ्या मास्तरांची चूक नाही गं, त्या पट्ट्या दाबून तयार केलेल्या वाटेवर पळायला आहेत. इथे वाट आपण करतो तेव्हा होते.

मग मला सेयितकान आजोबांकडे नेलं. गावातल्या निम्म्या स्की त्यांच्या हातच्या. मी आपली उंची सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, उंची कफनाला लागते, तुझं वजन सांग. सांगितलं. मग म्हणाले, पिशवीचं? बाळंतपणाला जाणार ती रिकाम्या हातांनी का, असं म्हणून त्यांनी मला घरी पिटाळलं. औषधं, चिमटे, सलाईनच्या बाटल्या सगळं भरून पिशवी पाठीवर घेतली तेव्हा कुठे माप सुरू झालं. कोऱ्या बर्फावरून तसंच वीस पावलं चालायला लावलं आणि स्वतः वाकून माझी पावलं बघत राहिले. मी डावीकडे जास्त रेलते, हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं.

पट्ट्या आखूड आणि तळहातभर रुंद होणार, देवदाराच्या. काठी एकच, लांब. आणि खरी गंमत खाली असते. तळाला घोड्याच्या नडगीचं कातडं लावतात, केस मागे वळलेले. पुढे जाताना केस चपटे होऊन घसरतात, मागे सरायला लागलं की उभे राहून बर्फ धरतात. मी पंधरा वेळा हात फिरवून पाहिला. एका घोड्याच्या चार नडग्या एका जोडीला जेमतेम पुरतात. हिवाळ्याच्या बेगमीला प्रत्येक घर घोडा कापतंच, तेव्हा कातडं ज्याने त्याने घरचं आणायचं अशी रीत.

माझ्याकडे कुठला घोडा? पण बातमी फुटली आणि उलताय आपल्या काळ्या घोड्याच्या नडग्या घेऊन आल्या. मागोमाग शाळामास्तर, पोस्टमन आणि मधमाश्यावाल्या काकू. चौघंही प्रेमाने, आणि चौघंही एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघत. उलतायकडून मी उधार चहा नेते, मास्तरांनी मला लाकडं फोडून दिली, पोस्टमन तर तुझी पत्रं आणतो, आणि काकूंच्या मधाशिवाय माझा खोकला गेला नसता. कुणाला नाही म्हणू? म्हणून मी प्रत्येकाकडून एकेक नडगी घेतली. आजोबा म्हणाले की एका जोडीला एकच घोडा लागतो. मी म्हटलं, शोभून दिसेल. ते म्हणाले, पाय तुझे आहेत. पुढचं टोक कुणाच्या घोड्याचं यावरून थोडी बोलाचाली झाली, ती मी चिठ्ठ्या टाकून मिटवली.

तुझ्या लाल पट्ट्या दवाखान्याच्या भिंतीवर टांगल्यात. दवाखान्याला शोभा आली. असाच लोभ चालू ठेवणे.

मरझान


किझिलओर्दा
१९ डिसेंबर १९९४

चि. मरझान हिस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या चार घोड्यांचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग डोकं धरून बसले. तू तिथे लोकांची मनं राखायला गेलीस की बाळंतपणं करायला?

आपल्या चुलतबहिणीच्या, साउलेच्या लग्नात तीन घरांनी तुला जेवायला बोलावलं, तू तिन्हीकडे पोटभर जेवलीस आणि चार दिवस अंथरुणात होतीस. हे काझीच्या मांसाचं आणि भाताचं झालं म्हणून निभावलं. खिंडीत कोण निस्तरणार? त्या सेयितकान आजोबांच्या हातच्या स्कीवर निम्मं गाव चालतं, आणि तू त्यांना शोभेचं सांगतेस. मला स्कीमधलं ओ की ठो कळत नाही हे लाल जोडीने सिद्ध केलंच आहे. पण दोन वेगवेगळे बूट घालून कुणी चालत नाही एवढं मला कळतं.

आता गंभीर बोलते. इथल्या प्रसूतिगृहात फेब्रुवारीपासून जागा रिकामी होतेय. आईने मोठ्या डॉक्टरबाईंशी बोलून ठेवलंय. ती रात्री झोपत नाही, नकाशात तुझं गाव सापडत नाही म्हणून चिडते. ये परत. शब्द दिलास हे मान्य. पण जाता येत नसेल तर आत्ताच त्या बाईंना सांग, म्हणजे त्या दुसरी सोय बघतील. भिडेपोटी होय होय करत राहिलीस तर त्या पोरीचं दुसरंही मूल जाईल. हे मी मोठी बहीण म्हणून लिहितेय, राग आला तरी चालेल.

उत्तराची वाट पाहते.

कुल्याश


कोकबुलाक
८ जानेवारी १९९५

प्रिय अपास,
सा. न. वि. वि.

राग आला. दोन दिवस आला, मग गेला, कारण तू लिहिलंस ते खरं होतं.

डावीकडची पट्टी घसरते आणि उजवीकडची धरते. काकूंचं शिंगरू कोवळं, त्याचे केस मऊ. उलतायचा घोडा म्हातारा, त्याचे केस ब्रशासारखे राठ. परिणाम असा की मी सरळ निघते आणि उजवीकडे वळत वळत निघाले तिथेच येते. पोस्टमनने विचारलंही, बाई, घाण्याला कुणी जुंपलं तुम्हाला? पडले की पट्ट्या आभाळाकडे होतात आणि चारही रंग दिसतात, मग बघणारे ओरडतात की आता मास्तरांचा घोडा वर आलाय. हसण्यात दिवस गेले आणि मी शाळेचं मैदानसुद्धा ओलांडू शकत नव्हते. खिंड कुठली?

नववर्षाआधी बातिमाबाई पिठासाठी गावात उतरल्या. बासष्ट वर्षांच्या आहेत. मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी माझ्या तीन फेऱ्या पाहिल्या, काही बोलल्या नाहीत आणि सेयितकान आजोबांकडे चहाला गेल्या. मला त्या गप्प बसण्याची जितकी लाज वाटली तितकी पडण्याची कधी वाटली नव्हती.

मी मागोमाग गेले आणि आजोबांना सरळ विचारलं की गावात कुठल्या एका घोड्याच्या चारही नडग्या शिल्लक आहेत. त्यांनी बातिमाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या घरी, गेल्या हिवाळ्यात रुतलेल्या त्या करड्या घोड्याच्या चारही आढ्याला टांगलेल्या होत्या. यंदा बेगमीला त्यालाच कापलं.

मी विचारलं की मग इतके दिवस बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, ज्याला सुईणीची गरज त्याने तिला कातडं द्यायचं नसतं. दिलं की माणूस भिडेखातर येतो, आणि भिडेखातर आलेल्या बाईचे हात बाळंतिणीपाशी कापतात. तुला यायचं असेल तर तू माग.

मी मागितलं. अपा, आयुष्यात पहिल्यांदा मी चौघांना डावलून एकाकडे काही मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा ती कातडी देऊन गेला, तेव्हा पट्ट्यांवरून आधीची चारी उचकटली आणि ज्याची त्याला परत करायला निघाले. मास्तर म्हणाले, बरं झालं, बायकोला हातमोजे हवेच होते. पोस्टमनला फरक पडला नाही. काकू रडल्या आणि वर मधाची बाटली दिली. उलताय मात्र तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि चहा दिला तो पाकिटाच्या तळाचा भुगा. चौथ्या दिवशी येऊन पट्ट्यांच्या नव्या करड्या कातड्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, घोडा तसा माझ्याचसारखा आहे.

आठ दिवसांत मी नदीपर्यंत सरळ जाऊन आले. जागेचं उत्तर आत्ता देत नाही. आईला म्हणावं झोप. तुझे बोल असेच मिळत राहोत.

मरझान


किझिलओर्दा
२९ जानेवारी १९९५

चि. मरझान हिस,
अ. आ. वि. वि.

आठ तारखेच्या पत्रानंतर तुझं काही नाही. इथे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आई रोज पोस्टात जाते आणि तिथल्या बाईंना स्कीबद्दल माहिती सांगते, केस मागे वळलेले असावे लागतात वगैरे. चार ओळी पाठव.

कुल्याश


कोकबुलाक
५ फेब्रुवारी १९९५

प्रिय अपास आणि आईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहिलं, आता सावकाश वाचा. पंधरा दिवस बाळंतिणीपाशीच राहिले, म्हणून पत्राला उशीर.

मी चोवीसला जायचं ठरवलं होतं, पण अठरा तारखेला सकाळीच तोरगिनचा नवरा दारात उभा. दहा दिवस आधीच कळा सुरू झाल्या होत्या. तो रात्रभर मेंढ्यांत जागलेला, तरी खिंड उतरून दीड तासात आला होता. म्हणाला, पिशवी माझ्याकडे द्या. मी दिली नाही. या पट्ट्या पिशवीसकट माझ्या मापाच्या आहेत, ती काढली तर केस बर्फ धरणार नाहीत. त्याला ते लगेच पटलं, तोही इथलाच.

तो पुढे वाट करत होता, मी मागे. पहिले दोन तास मी फक्त त्याच्या टाचा पाहिल्या. खिंडीखालचा चढ आला तेव्हा तो थांबला आणि काठीने एक जागा दाखवली. गेल्या वर्षी घोडा रुतला तो इथे. एवढंच बोलून पुढे गेला. पाऊल टाकायचं, भार द्यायचा, केस उभे राहायची वाट बघायची, मग दुसरं. एकदाही मागे घसरले नाही. माथ्यावर पोचल्यावर मात्र आनंदाने काठी सोडली आणि उताणी पडले. पट्ट्या आभाळाकडे गेल्या. दोन्हींचे तळ एका रंगाचे, करडे.

मूल या वेळी पायाळू होतं. मी अशी पाच बाळंतपणं केलीत, पण सगळी दिव्याखाली आणि डॉक्टर शेजारी असताना. बातिमाबाईंनी कंदील धरला होता आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत होत्या. हात कापले नाहीत. दुपारी अडीचला पोरगी रडली आणि तिचा बाप बाहेर जाऊन मेंढ्यांमध्ये रडला.

मग बातिमाबाई अंगणात गेल्या. मी आल्या आल्या घाईत टाकलेल्या पट्ट्या उचलल्या, बर्फ झाडला, उलट्या करून भिंतीला टेकवल्या आणि करड्या केसांवरून पुढून मागे हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा. मी दारात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्या करड्याला म्हणाल्या की आलास शेवटी.

अपा, मी तिथे उभी राहून पोटभर रडले. तेव्हाच माझं मला कळलं की किझिलओर्दाची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी. डॉक्टरबाईंना मी वेगळं पत्र लिहिलंय, नकार स्वच्छ शब्दांत दिलाय, बघ मी शिकले.

तुझ्या लाल पट्ट्या वाया गेल्या नाहीत. आजोबांनी त्यांची घसरगाडी केलीय, दाबलेल्या वाटेवर ती सुसाट जाते. पोरगी जरा मोठी झाली की तोरगिन तिला तीवर ठेवून अंगणात फिरवणार आहे.

आई, तू पोस्टातल्या बाईंना शिकवतेस त्यापेक्षा इथे ये. मार्चअखेरीपर्यंत बर्फ टिकतो आणि बातिमाबाईंनी तुला खिंडीपलीकडे चहाला बोलावलंय. उलतायने यंदाच्या दुसऱ्या घोड्याच्या नडग्या राखून ठेवल्यात, चारही, आणि या वेळी मी होय म्हटलंय.

तेव्हा अपा, उलट टपाली आईचं वजन कळव. पिशवीसकट. उंची नको.

तुम्हां दोघींची,
मरझान